वीस फुटी वायर

रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव नव्हतं. गाणारीचं होतं, तेही एवढ्या मोठ्या अक्षरात की तिच्या कपाळावरून निघून कानातल्या डुलापर्यंत पोचलेलं. मागच्या बाजूला गाणी लिहिणाऱ्यांची नावं, कंपनीचा पत्ता, रेकॉर्ड कशी पुसावी याच्या सूचना. बास गिटार वाजवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते कव्हर ओळ न् ओळ वाचलंय, म्हणून छातीठोकपणे सांगतो. ज्या माणसानं त्या दहा गाण्यांचा सगळा भार उचलला, तेवढा सोडून सगळ्यांची दखल घेतली होती. पुसायच्या फडक्याचीसुद्धा. तेव्हा मीही इथं कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांची नावं बोर्डावर रंगवलेली होती त्यांचीही नाही. त्यांची आधीच पुष्कळ घेऊन झालीत.

मी साखर कारखान्यात वायरमन होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. माझं गाव बेंबळीच्या पलीकडं, चार मैल आत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतली सगळी धडधाकट माणसं खडी फोडत होती आणि मी आयटीआयला वायरिंग शिकत होतो, कारण माझ्या वडिलांनी माझ्या वाटणीची खडी फोडली. पुढं पाऊस झाला आणि ज्या मुलखात प्यायला पाणी नव्हतं तिथं उसाचे कारखाने निघायला लागले. हे कसं, ते मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण त्यातल्याच एका कारखान्यात मला काम लागलं. हंगामी. म्हणजे गाळप चालू तोवर मी कामगार, गाळप बंद की मी पुन्हा आपला कुणीच नाही.

मशिनरी बसवायला मुंबईच्या कंपनीची माणसं आली होती. त्यात एक फिटर होता, ख्रिश्चन, मूळचा गोव्याकडचा. दिवसभर बॉयलरच्या नळ्यांना शिव्या घालायचा आणि संध्याकाळी पत्र्याच्या शेडपुढं बाज टाकून गिटार वाजवायचा. चार जाड तारांची. गिटार मी तोवर सिनेमातच बघितली होती आणि तिला सहा तारा असतात एवढं कुणीतरी सांगितलेलं. मला वाटलं, याच्या दोन तुटल्या असतील. तसं मी बोललोसुद्धा, नव्या तारा मिळत नसतील तर कळंबच्या बाजारात बघतो म्हणालो. तो हसून हसून बाजेवर आडवा झाला, आणि आमची दोस्ती झाली.

ती रेकॉर्ड त्याची. त्यानं मला सांगितलं की तिकडं अमेरिकेत मोटारी बनवायचं एक शहर आहे, आणि गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी तिथं हे गाणं उभं केलं. त्याला सोल म्युझिक म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. आमच्या घरात धर्म बदलल्यापासून आत्मा मानत नव्हते, पण ते मी त्याला सांगत बसलो नाही. मला त्या गाण्यात आधी फक्त ती बाईच ऐकू आली. फिटर म्हणायचा तो बास, त्याच्या चार जाड तारांचा तो खालचा सूर, काही सापडेना. मग फिटरनं माझा हात धरला आणि प्लेअरच्या लाकडी पेटीवर पालथा ठेवला. "इधर सुन," म्हणाला. तेव्हा तळव्याला कळलं. बाई वर दुःख सांगत होती आणि खाली कुणीतरी तिला पडू देत नव्हतं, आणि हे करताना तो स्वतः मजेत चालला होता, कधी पुढं, कधी मागं, मध्येच थबकून. तसं काही मी आधी ऐकलं नव्हतं, असं तेव्हा मला वाटलं.

पहिला हंगाम सुरळीत सुरू झाला आणि फिटर दुसऱ्या कारखान्याकडं निघाला. गिटार, प्लेअर आणि ती एक रेकॉर्ड त्यानं माझ्याकडं ठेवली. पुढच्या दुरुस्तीला येईन तेव्हा नेईन म्हणाला. आला नाही. मी काही वर्षं वाट बघितली, मग वाट बघायचं सोडलं आणि मनातल्या मनात गिटार माझी करून टाकली.

शिकायचं म्हणजे काय, तर सुई उचलायची, मागं ठेवायची, पुन्हा ऐकायचं. रेकॉर्डवर त्या जागी पांढरा पट्टा पडला. एक गोष्ट मात्र माझ्या फायद्याची होती. संध्याकाळी चारी बाजूंच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की कॉलनीतलं व्होल्टेज पडायचं आणि प्लेअर सुस्तावायचा. बाईचा बाप्या व्हायचा, पण बास हळू चालायचा आणि त्याचं एकेक पाऊल मोजता यायचं. लोक दिव्यांच्या नावानं बोंब मारायचे तेव्हा मी गिटार घेऊन बसायचो. सूर आपोआप खाली उतरलेला असायचा, म्हणून तारा सैल करून त्याच्याशी जुळवून घ्यायच्या. सकाळी व्होल्टेज आलं की पुन्हा ताणायच्या.

त्याचा आवाज कोरडा होता. घुमत राहायचा नाही. आला, काम केलं, गेला. तो कसा काढायचा याच्यावर माझा एक अख्खा उन्हाळा गेला. शेवटी मोटारीच्या पॅकिंगमधला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा कापून तारांच्या खाली, त्या टेकतात त्या घोडीजवळ सरकवला आणि तो आवाज आला. तारा जुन्याच ठेवल्या, पुसल्याही नाहीत, कारण घामानं मेलेल्या तारेतूनच तसा आवाज येतो. मग त्याचे मुके ठोके. बोट तारेवर ठेवायचं, पण दाबायचं नाही. सूर निघत नाही, नुसतं 'थप' होतं. रेकॉर्डवर अशा मुक्या ठोक्यांनी गाणं भरलेलं होतं आणि मी ते आधी रेकॉर्डवरचे ओरखडे समजत होतो. हे सगळं जमलं. एका गाण्याचे सगळे सूर, सगळे ठोके जिथल्या तिथं बसले. तरी गाणं चालेना. माझ्या हातून ते दुखऱ्या पायानं चालल्यासारखं व्हायचं. चूक सापडत नव्हती आणि दाखवायला कुणी नव्हतं.

त्याच सुमारास चेअरमनसाहेबांच्या डोक्यात आलं की शेजारच्या कारखान्याचा ऑर्केस्ट्रा आहे तर आपलाही पाहिजे. साहेबांच्या डोक्यात येणं आणि ठराव होणं यात फार अंतर नसायचं. टाइम ऑफिसातला एक क्लार्क गायक झाला. शाळेतले एक मास्तर ऑर्गनवर बसले. कळंबच्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा स्टोअरमध्ये होता, घरी गुरुवारी भजनात तबला वाजवायचा. त्याला काँगो दिला. आणि मी. मला घेतलं ते माझ्याकडं गिटार होती म्हणून, आणि वायरी जोडायला कुणीतरी लागतंच म्हणून. सिनेमाची गाणी वाजवायची. क्लार्कचं माझ्याकडं एकच मागणं असायचं, की नुसतं धुम धुम कर, जास्ती शहाणपणा नको. कळंबला बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा एक मोठा स्पीकर मी मिळवला आणि त्याला आंब्याच्या फळ्यांची पेटी केली, कारण कर्ण्यातून बासचा सूर निघत नाही. कर्णा माणसाच्या ओरडण्यासाठी असतो. पेटीजवळ उभं राहून वाजवता यावं आणि ॲम्प्लिफायरची घरघर मध्ये येऊ नये म्हणून मी वीस फुटांची वायर बनवली. चांगली जाड, दोन्ही टोकांना स्वतः डाग देऊन. त्या वायरीचा मला फार अभिमान होता.

पुढं एक-दोन वर्षं पुन्हा पाऊस ओढला आणि आमच्या वस्तीतला आड तळाला गेला. मी आई आणि आबांना कारखान्यावर माझ्या खोलीत आणलं. तिथं नळ होता.

आबांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गावात देवीच्या छबिन्यापुढं आणि वरातीपुढं हलगी वाजवायचं काम वस्तीकडं होतं, आणि वस्तीत आबांसारखा हात कुणाचा नव्हता. परंड्याकडची, भूमकडची माणसं त्यांना न्यायला यायची. कौतुक करायची आणि भाकरी वरून टाकायची. वस्तीनं धर्म बदलला त्या दिवशी आबांनी चावडीपुढं हलगी खाली ठेवली आणि विळ्यानं तिचं कातडं उभं फाडलं. तेव्हा ते माझ्या आजच्या नातवापेक्षा थोडेच मोठे असतील. पाटलांनी दोनदा निरोप पाठवले, एकदा माणसं पाठवली. आबा गेले नाहीत. दात पडला, पण गेले नाहीत. हलगीचं लोखंडी कडं आईनं रांजणाखाली बसवलं आणि आम्ही भावंडं त्या कड्यावरच्या रांजणातलं पाणी पिऊन वाढलो. घरात कुणी ताटावर बोटं वाजवली तरी आबा नुसतं बघायचे आणि बोटं थांबायची.

असा माणूस माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत राहायला आला, आणि मी गिटार कुठं लपवणार? मी वाजवायला लागलो की ते बाहेर जाऊन लिंबाखाली बसायचे. मला वाटायचं त्यांना राग येतो. एक दिवस, दुपारच्या सुटीत, आई नळावर गेली होती आणि मी तेच दुखऱ्या पायाचं गाणं घोकत होतो. एकदा रेकॉर्ड, एकदा मी. आबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यो मानूस जागा ठिवतोय. तू समदं भरून काडतूस."

मला आधी कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतात.

"कोन हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं ते फिटरनं सांगितलेलं. मोटारींचं शहर, गुलामांची नातवंडं, कव्हरवर नाव नाही. आबांनी कव्हर हातात घेऊन उलटसुलट केलं. त्यांना मराठीसुद्धा जेमतेम वाचता यायची, तरी मागची बाजू त्यांनी बराच वेळ बघितली. मग खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बोटं वाजवताना बघितलं. स्वतःच्या गुडघ्यावर, धोतरावरून, आवाज होणार नाही इतकं हलकं. उजव्या हाताची दोन बोटं ठोका द्यायची आणि डाव्या हाताचं एक बोट बारीक बारीक उत्तर द्यायचं. पहिला ठोका यायच्या जरासा आधी त्यांचा हात यायचा. आणि ठोका जिथं पडायला पाहिजे तिथं काहीच नाही. तिथं हात वरच.

"हितं तू वाजवतूस. हितं वाजवायचं नसतं. हितं ऐकनाराचा पाय पडतो. त्येच्या पायाला जागा ठिव."

मी वाजवलं. तिसऱ्यांदा जमलं. ज्या गोष्टीसाठी माझी दोन वर्षं गेली ती दुपारच्या सुटीत झाली. गाणं उठून चालायला लागलं. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. ते मग माझ्याकडून आणखी एक वळण करून घ्यायला लागले, जे रेकॉर्डवर नव्हतंच. ते त्यांचं होतं. छबिना चढाला लागला की दमलेल्या माणसांना वर ओढायला वाजवायचे ते. तीन मुके ठोके, एक बोलका, आणि मग मोकळी जागा. बासवर ते असं बसलं की त्या अमेरिकेच्या माणसानंही मान हलवली असती.

सुटी संपल्याचा भोंगा झाला. मी उठलो तसा आबांनी माझा हात धरला.

"ह्ये तुला दिलं. पर येक ध्यानात ठिव. बसून वाजीव, हुबा ऱ्हाऊन वाजीव. कुनाच्या म्होरं चालत वाजवायचं न्हाई. त्येवढं म्या चावडीम्होरंच ठिवून आलोय."

मी हो म्हणालो. माझ्यापुढं असला प्रसंग येईलच कशाला? विजेवर चालणारं वाद्य माझं, ॲम्प्लिफायर सोडून कुठं जाणार, असं म्हणून मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

त्या महिन्यात आमचा कामगार हॉलमध्ये कार्यक्रम झाला. क्लार्कनं एक सिनेमाचं गाणं सुरू केलं आणि मी धुम धुम न करता आबांचं वळण टाकलं. आंब्याच्या फळ्यांची पेटी बोलायला लागली. क्लार्कनं दोनदा रागानं मागं वळून बघितलं, पण काँगोवाल्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि त्या जागेच्या भोवती वाजवायला लागला. पहिल्या रांगेत साहेब लोकांच्या सोफ्यांखाली बूट हलायला लागले. त्यांना स्वतःला कळलं नसेल. आबा मागं दाराशी उभे होते, हात पाठीमागं बांधून. गाणं संपल्यावर टाळ्या गायकाला पडल्या, हार गायकाला घातला. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाताना आबा म्हणाले की पेटी बरी केली आहेस. त्या दिवसाइतका सुखी मी फार वेळा झालेलो नाही.

मग चेअरमनसाहेब मुंबईत कुठल्याशा मोठ्या संघावर निवडून आले.

ते परत येणार त्या दिवशी फाट्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत मिरवणूक काढायचं ठरलं. गाळप बंद, आता इथलाही नळ आटलेला, पाण्याचा टँकर दोन दिवसांआड, आणि गेटवर केळीचे खांब. टाइम ऑफिसातून निरोप आला की ऑर्केस्ट्रा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वाजवेल. त्याच क्लार्कनं मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली, की कायम करायच्या हंगामी कामगारांची यादी साहेबांच्या टेबलावर आहे आणि तीत माझं नाव आहे. धमकी म्हणून नाही, चांगल्या मनानं सांगितलं त्यानं. आजही मला त्याचा राग येत नाही. राग यायला हवा तो माणूस दुसराच आहे.

सकाळी दहाला फाट्यावर पोचलो तर ट्रॉलीत आधीच संचालकांची पोरं, दोन पुढारी, फोटोग्राफर, आणि मधोमध हार घातलेली साहेबांची तसबीर. साहेब स्वतः मागून जीपमधून येणार, तरी तसबीर पाहिजेच. जनरेटर आणि कर्णे वर चढले. माझी पेटी चढवायला जागा नव्हती, म्हणून ती फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात ठेवली आणि गिटारची वायर कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरला जोडली. क्लार्क वर चढला. मास्तर ऑर्गन घेऊन चढले. व्यापाऱ्याचा मुलगा काँगो घेऊन कडेला कसाबसा टेकला आणि त्यानं हात पुढं करून मला, ये, म्हटल्याचंही मला आठवतं. मी एक पाय वर ठेवला होता. वर बघितलं. सगळे स्वच्छ कपड्यांत, खांद्याला खांदा लावून उभे. जागा अडचणीची होती, पण नव्हती असं नाही.

मी पाय खाली घेतला. म्हणालो, "राहू द्या. माझी वायर लांब आहे. मी चालतो."

ट्रॉलीला पुढून ट्रॅक्टर. त्याच्या एका अंगानं, तोंडाच्या किंचित पुढं, मी. वायर मागं ट्रॉलीपर्यंत गेलेली, अंतर राखून चालायचं म्हणजे ओढली जाणार नाही. ट्रॉलीच्या मागं जीप. पाहता पाहता लोकांनी मला वाट करून दिली, आणि मी मिरवणुकीच्या पुढं झालो.

गाणं सुरू झालं तसं कळलं की माझं काहीच ऐकू येत नाहीये. कर्ण्यातून गायक किंचाळत होता, ऑर्गन चिरकत होता आणि माझ्या तारांची नुसती टरटर. ती पण ट्रॅक्टरच्या आवाजात विरून जायची. मी वाजवतोय की नाही याची कुणाला पर्वा नव्हती. गळ्यात गिटार अडकवलेला माणूस पुढं चाललेला दिसला म्हणजे झालं. मग मला वाटलं, ऐकूच येत नाही तर धुम धुम तरी कशाला? मी डोळे अर्धे मिटले आणि आबांचं वळण धरलं. तीन मुके, एक बोलका, मोकळी जागा. तीन मुके, एक बोलका. फाट्यापासून गेटपर्यंत रस्ता चढाचा आहे. त्या चढावर ते इतकं नीट बसलं, माझं पाऊल त्या मोकळ्या जागेत इतकं बिनचूक पडायला लागलं, की मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. तोपर्यंत मी ते कधीच इतकं चांगलं वाजवलं नव्हतं.

गेटच्या अलीकडं टँकर उभा होता आणि बाया-माणसं घागरी घेऊन रांगेत होती. मिरवणुकीसाठी पाणी थांबवलेलं. रांगेत आबा होते, आईची कळशी हातात. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. माझ्या हाताकडं बघत होते.

त्या सगळ्या गर्दीत बास ऐकू आलेला एकही माणूस नव्हता. आणि मी काय वाजवतोय हे कळलेला एक होता. माझी बोटं थांबली नाहीत. थांबवावीत असं वाटलं, पण मागून जीप येत होती.

संध्याकाळी खोलीवर गेलो. आबा भिंतीला टेकून बसले होते. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, काय काय सांगायचं ते जुळवून गेलो होतो. जागा नव्हती, यादी टेबलावर आहे, कुणालाच ऐकू आलं नाही. त्यांनी मला यातलं काही बोलूच दिलं नाही.

"हात चांगला चालत हुता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आईला घेऊन गावाकडं गेले. आडाला पाणी नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. आई जाताना मला म्हणाली की यांचं मन इथं रमत नाही. मी बसमध्ये कळशी चढवून दिली.

पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचा कागद मिळाला. तो घेऊन मी गावी गेलो. आईनं कागद बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवला. आबा बाहेर ओट्यावर बोरीच्या काटक्या मोडत होते. मी जवळ बसलो. मग त्यांनीच विचारलं.

"तुला कुनी उतर म्हनलं हुतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. क्लार्कचं नाव घेतलं असतं, कुठल्याही पुढाऱ्याचं घेतलं असतं, आबांनी विश्वास ठेवला असता आणि दोघांनी मिळून त्याला शिव्या दिल्या असत्या. ते मला उशिरा सुचलं.

"न्हाई," मी म्हणालो.

आबांनी हातातली काटकी मोडली, दोन्ही तुकडे ढिगावर टाकले. मग शांतपणे, मला टोचावं म्हणून नाही, नुसतं खरं काय ते सांगावं तसं म्हणाले, "आमाला सांगावं तरी लागायचं."

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझं लग्न, पोरं, सगळं बघितलं, पोरांना खांद्यावर घेतलं. हलगीचा, गिटारचा, रेकॉर्डचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. कारखाना आता बंद आहे, गव्हाणीत बाभळी उगवल्या आहेत, आणि चेअरमनसाहेबांचा पुतळा तेवढा शाबूत आहे, खाली नावासकट. गिटार माझ्याकडंच आहे. तारा त्याच, नमद्याचा तुकडा तोच. कधीमधी घेऊन बसतो. रेकॉर्डमधलं सगळं येतं, त्या माणसाची एकेक लकब येते. आबांचं वळण सुरू करतो तेव्हा तीन मुके ठोके बरोबर येतात, बोलका येतो, आणि मोकळ्या जागेशी आलो की खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय पुढं पडतो. तिथं मी थांबतो आणि गिटार खाली ठेवतो.